उन्हाशी वैर नको, ओळख हवी

त्वचेच्या कर्करोगाशी जवळपास दोन दशके सामना करणारा ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार मायकेल क्लार्क आज उन्हापासून जपण्याचा संदेश देत आहे. त्याच्या देशाने हाच धडा चार दशकांपूर्वी गिरवायला घेतला आणि पुढे तो शाळेत नेला. हा धडा नेमका काय आहे आणि महाराष्ट्राने त्यातून काय घ्यावे, याचा हा परामर्श.

ऑस्ट्रेलियात रंगणारे क्रिकेट सामने भल्या पहाटे उठून दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या मराठी रसिकांना एक दृश्य चांगलेच परिचयाचे आहे. शेन वॉर्नच्या नाकावर, अँड्र्यू सायमंड्सच्या ओठांवर किंवा दक्षिण आफ्रिकेच्या ॲलन डोनाल्डच्या गालांवर फासलेला पांढराशुभ्र लेप. प्रतिस्पर्ध्यावर धाक जमवण्यासाठी चढवलेला हा साज असावा, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात तो झिंक ऑक्साइडचा लेप. सूर्याच्या अतिनील किरणांना त्वचेपर्यंत पोहोचू न देणे, एवढेच त्याचे काम.

हा लेप किती गरजेचा असतो, याची आठवण ऑगस्ट २०२५ मध्ये मायकेल क्लार्कने जगाला करून दिली. नाकावरील कर्करोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतर त्याने आपले छायाचित्र समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले. त्वचेचा कर्करोग ही ऑस्ट्रेलियात प्रत्यक्षात भेडसावणारी गोष्ट आहे, उपचारापेक्षा प्रतिबंध बरा आणि आपल्या बाबतीत नियमित तपासणी व वेळीच झालेले निदान हेच निर्णायक ठरले, असा त्याच्या निवेदनाचा आशय होता. तसे पाहता यात नवे काही नाही. असे असूनही एका खेळाडूच्या नाकावरच्या पट्टीने जगभरच्या वृत्तपत्रांत जागा मिळवली, कारण या आजाराची मोठी अडचण हीच आहे की, त्याचे कारण आणि परिणाम यांमध्ये अनेक वर्षांचे अंतर असते. हे अंतर सामान्य माणसाला दिसत नाही. ते दाखवून देण्याचे काम आजारातून गेलेला माणूस करू शकतो.

मैदानावरची वर्षे

क्लार्क हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये मुंबईत वानखेडे स्टेडियमवर झालेल्या कसोटीत या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाने अवघ्या नऊ धावांत भारताचे सहा फलंदाज टिपले होते. तो सामना अखेर भारताने १३ धावांनी जिंकला. आयपीएलच्या २०१२ च्या हंगामात तो पुणे वॉरियर्सकडून खेळला. २०१५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ११५ कसोटी सामन्यांनंतर त्याने निवृत्ती घेतली.

या धावांच्या हिशेबाशेजारी दुसरा एक हिशेब चालू होता. त्वचेच्या कर्करोगाचे पहिले निदान २००६ मध्ये झाले, तेव्हा क्लार्कचे वय पंचविशीच्या आसपास होते. २०१९ मध्ये चेहऱ्यावरील आणखी तीन गाठी काढाव्या लागल्या. २०२३ मध्ये छातीवरील ‘बेसल सेल कार्सिनोमा’ या प्रकारचा कर्करोग काढताना २७ टाके पडले. त्याच वर्षी ‘ऑस्ट्रेलियन स्किन कॅन्सर फाउंडेशन’ या संस्थेचा सदिच्छादूत म्हणून त्याने जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. मेलानोमा या कर्करोगातून बरे झालेले जे ॲलन हे या संस्थेचे संस्थापक. म्हणजे एका रुग्णाने उभारलेल्या कामाला दुसऱ्या रुग्णाने आवाज दिला. त्या वेळी क्लार्कने आपल्या लहान मुलीचा उल्लेख केला होता. आपण जसे वागू तसेच ती वागेल, ही जाणीव त्याच्या बोलण्यामागे होती.

क्रिकेटच्या जगातून असा इशारा यापूर्वीही आला होता. विख्यात समालोचक आणि माजी कर्णधार रिची बेनॉ यांनी २०१४ मध्ये कपाळावर आणि डोक्यावर त्वचेचा कर्करोग झाल्याचे सांगितले. तरुणपणी आपण डोक्यावर टोपी घालत नसू, कारण आपले आदर्श कीथ मिलर टोपी घालत नसत, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली. टोपी घातली असती तर बरे झाले असते, असे सांगून त्यांनी सर्वांना डोके झाकण्याचा सल्ला दिला. एप्रिल २०१५ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोळा-सतराव्या वर्षी केलेल्या अनुकरणाची किंमत ऐंशी ओलांडल्यावर चुकवावी लागते, हे बेनॉ यांच्या उदाहरणाने स्पष्ट केले.

त्वचेच्या आत काय घडते?

सूर्यप्रकाशातील डोळ्यांना दिसणारा उजेड आणि अंगाला जाणवणारी उष्णता यांखेरीज अतिनील किरण हा तिसरा घटक असतो. तो दिसत नाही आणि जाणवतही नाही. लहरींच्या लांबीनुसार त्याचे अ, ब आणि क असे तीन प्रकार करतात. ‘क’ प्रकारचे किरण वातावरणातच अडतात. ‘ब’ प्रकारच्या किरणांचा बराचसा भाग ओझोनचा थर शोषून घेतो. उरलेले ‘ब’ आणि बहुतांश ‘अ’ किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. त्वचा भाजते ती मुख्यतः ‘ब’ किरणांमुळे. ‘अ’ किरण त्वचेत अधिक खोलवर शिरतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात.

हे किरण त्वचेच्या पेशीतील डीएनएवर आघात करतात. डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि साखळीची नक्कल करताना चूक होण्याची शक्यता निर्माण होते. पेशीजवळ दुरुस्तीची व्यवस्था असते आणि बहुतेक बिघाड ती दुरुस्तही करते. मात्र रोजच्या रोज, वर्षानुवर्षे आघात होत राहिले तर काही चुका तशाच राहून जातात. त्या साठत गेल्या की एखादी पेशी वाढीवरचे नियंत्रण गमावते. शाळेच्या मैदानावरचे ऊन चाळिशीत किंवा साठीत व्रणाच्या रूपाने वर येते, ते असे.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वाधिक आढळणारा आणि संथ वाढणारा प्रकार. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, परंतु दुर्लक्ष झाल्यास नाक, कान किंवा पापणीचा भाग पोखरतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा दुसरा प्रकार त्याहून आक्रमक असून तो पसरू शकतो. तिसरा मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत उद्भवणारा हा कर्करोग संख्येने कमी, पण सर्वांत घातक. सुरुवातीच्या अवस्थेत, जाडी कमी असताना काढून टाकला तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. तो खोलवर गेल्यानंतर मात्र यकृत, फुप्फुसे, मेंदू अशा अवयवांत पसरण्याचा धोका वाढतो. म्हणूनच तपासणीचा आग्रह धरला जातो.

ऑस्ट्रेलियाच का?

वयाच्या सत्तरीपर्यंत ऑस्ट्रेलियातील दर तीन व्यक्तींपैकी किमान दोघांना कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाचे निदान होते, असे तेथील कॅन्सर कौन्सिल सांगते. देशात दरवर्षी सुमारे दोन हजार जण या आजाराने दगावतात. यामागे भूगोल आहे आणि इतिहासही.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीस. तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. त्यामुळे तेथील उन्हाळ्यात सूर्याची तीव्रता उत्तर गोलार्धातील उन्हाळ्याच्या तुलनेत सुमारे सात टक्क्यांनी अधिक असते. हवा तुलनेने स्वच्छ असल्याने किरणांना अडथळाही कमी. हा झाला भूगोल. इतिहास असा की, गेल्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपातील मंद उन्हाच्या प्रदेशांतून गोऱ्या वर्णाचे लोक मोठ्या संख्येने तेथे जाऊन वसले. त्यांची त्वचा या उन्हासाठी घडलेलीच नव्हती. त्यात समुद्रकिनारे, मैदानी खेळ आणि उन्हात रापलेला वर्ण म्हणजे आरोग्याची खूण हा विसाव्या शतकातील समज यांची भर पडली. हा समज बदलल्याशिवाय आजार कमी होणार नव्हता.

पक्ष्याचे गाणे आणि शाळेची टोपी

क्लार्कचा जन्म १९८१ मधला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोग प्रतिबंधक संस्थेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू केली. ‘सिड’ नावाचा सीगल पक्षी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नाचत, गात येई आणि सदरा चढवा, सनस्क्रीन चोपडा, डोक्यावर टोपी घाला असे सांगे. गंभीर आजाराची भीती घालण्याऐवजी लहान मुलांना आवडेल असे चित्र आणि तोंडात बसेल असे गाणे निवडण्यात आले. ते घराघरात पोहोचले. पुढे २००७ मध्ये सावली शोधा आणि गॉगल लावा या दोन सूचनांची त्यात भर पडली.

गाणे लोकप्रिय झाले तरी तेवढ्याने सवय जडत नाही, हे मोहिमेच्या धुरीणांना लवकरच उमगले. १९८८ मध्ये व्हिक्टोरियात ‘सनस्मार्ट’ हा कायमस्वरूपी कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी पैसा उभा राहिला तो ‘व्हिकहेल्थ’ या सार्वजनिक संस्थेकडून आणि या संस्थेचा निधी आला होता तंबाखूवरील करातून. एका कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या वस्तूवरच्या कराने दुसऱ्या कर्करोगाच्या प्रतिबंधाचा खर्च भागवला.

त्यानंतर नव्वदच्या दशकात लक्ष शाळांवर केंद्रित झाले. शाळेने लेखी धोरण ठरवायचे, ते पाळायचे आणि मगच तिला ‘सनस्मार्ट शाळा’ अशी मान्यता मिळायची, अशी पद्धत रुजली. ‘नो हॅट, नो प्ले’, अर्थात टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळणार नाही, हा नियम तेथील मुलांच्या अंगवळणी पडला. टोपी विसरलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत सावलीत बसावे लागते. टोपी कोणती, हेही ठरलेले. क्रिकेटपटू घालतात तशी पुढे झाप असलेली टोपी कान आणि मान उघडी ठेवते, म्हणून ती चालत नाही. सभोवार रुंद काठ असलेली किंवा मागे मानेवर कापड सोडलेली टोपीच लागते. मैदानावर छत किंवा झाडांची सावली, खेळाच्या तासांची सोयीची वेळ आणि शिक्षकांनी स्वतः टोपी घालणे हे धोरणाचे इतर भाग.

यातील शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मिलर यांच्याकडे पाहून बेनॉ यांनी टोपी टाळली होती. अनुकरणाची हीच ताकद उलट दिशेने वापरण्याचे काम शाळेतील शिक्षक, खेळाडू आणि पालक करू शकतात.

कृत्रिम उन्हावर बंदी

एका रुग्णाच्या आवाजाने कायदा कसा बदलू शकतो, याचे उदाहरणही ऑस्ट्रेलियातच सापडते. अंग रापवण्यासाठी अतिनील दिव्यांखाली झोपण्याची सोय देणारी ‘सोलारियम’ नावाची केंद्रे तेथे जागोजागी होती. मेलबर्नमधील क्लेअर ऑलिव्हर या तरुणीला मेलानोमा झाला. आपल्या आजाराला सोलारियमचा वापर कारणीभूत आहे असे ती मानत होती. २००७ मध्ये आयुष्याचे मोजके दिवस हाती असताना तिने वृत्तपत्रातून आणि दूरचित्रवाणीवरून आपली कहाणी सांगितली आणि या केंद्रांवर निर्बंध आणण्याची मागणी केली. सप्टेंबर २००७ मध्ये वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

तिच्या आवाहनानंतर राज्य सरकारांनी प्रथम नियम कडक केले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा दिव्यांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हे त्याच गटात मोडतात. ब्राझीलने त्याच वर्षी अशा केंद्रांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात जे ॲलन यांच्यासारखे रुग्ण आणि डॉक्टर पाठपुरावा करीत राहिले. २०१५ च्या आरंभापासून बहुतेक राज्यांत आणि २०१६ च्या आरंभापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातही व्यावसायिक सोलारियमना मनाई झाली.

सनस्क्रीन किती भरवशाचे?

उन्हापासून संरक्षण म्हटले की बाजारात मिळणाऱ्या नळीतले सनस्क्रीन आधी आठवते. त्याचा उपयोग होतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील नॅम्बोर या गावाने दिले. १९९२ मध्ये तेथील १,६२१ रहिवाशांवर एक प्रदीर्घ चाचणी सुरू झाली. त्यांपैकी एका गटाला डोके, मान, हात यांना दररोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले गेले, तर दुसऱ्या गटाला आपल्या मर्जीप्रमाणे वागण्यास. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. चाचणी संपल्यानंतर पुढील दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा रोज लावणाऱ्या गटात मेलानोमाचे ११, तर दुसऱ्या गटात २२ रुग्ण निघाले. बेसल सेल कर्करोगाच्या बाबतीत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही.

याचा अर्थ सनस्क्रीन उपयोगी आहे, पण ते अभेद्य कवच नव्हे. लोक ते फार पातळ लावतात, बाहेर पडण्याच्या वीस मिनिटे आधी लावायचे विसरतात आणि दर दोन तासांनी पुन्हा लावण्याचा कंटाळा करतात. शिवाय वेष्टनावरील आकडा दरवेळी खरा असेलच असे नाही. जून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन तपासली, तेव्हा त्यातील १६ उत्पादने आपल्याच वेष्टनावरील संरक्षणाच्या दाव्याला उतरली नाहीत. यावर तेथे मोठी खळबळ माजली. तज्ज्ञांचा सल्ला मात्र आधीपासूनच सावली, कपडे आणि टोपी या क्रमाने जातो. सनस्क्रीन त्यानंतर, उघड्या राहणाऱ्या त्वचेसाठी.

तापमान वेगळे, अतिनील किरण वेगळे

सनस्मार्ट शिक्षणातील कदाचित सर्वांत मोलाचा धडा हा की, उकाडा आणि अतिनील किरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गार वारा सुटलेला असताना, अगदी विरळ ढग असतानाही त्वचा भाजू शकते. त्यासाठी ‘अतिनील निर्देशांक’ मोजला जातो. कॅनडाने १९९२ मध्ये तो प्रथम वापरात आणला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जगासाठी त्याचा पुरस्कार केला. निर्देशांक तीनच्या खाली असेल तर सहसा विशेष काळजी लागत नाही. तीन किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण घ्यावे आणि ११ च्या पुढे तो अतितीव्र समजावा.

मुलांना हे शिकवण्याची एक सोपी युक्ती आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली तर किरण तीव्र आहेत, सावलीत जावे. सावली लांब पडली तर चिंता कमी. यासाठी ना उपकरण लागते ना मोबाइल.

सर्वांना एकच माप नाही

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. गोऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला दिलेला सल्ला गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाच्या भारतीयाला जसाच्या तसा लागू पडतो का? उत्तर ‘नाही’ असे आहे.

रंग देणाऱ्या पेशींची संख्या सर्व वर्णांच्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन तयार करतात आणि ते त्वचेत कसे पसरते यात. मेलॅनिन ही निसर्गाने दिलेली छत्री. त्यामुळे भारतीयांत उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेत कितीतरी कमी आढळतो. दुसरीकडे ऊन ही शरीराची गरजही आहे. अतिनील ‘ब’ किरणांच्या मदतीने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी अधिक वेळ उन्हात राहावे लागते.

याची दखल ऑस्ट्रेलियानेही घेतली. २०२४ मध्ये तेथील तज्ज्ञ संस्थांनी एकत्र येऊन सुधारित भूमिका जाहीर केली. त्यानुसार नागरिकांचे तीन गट मानण्यात आले. अतिशय गोरी त्वचा किंवा अन्य कारणाने धोका अधिक असलेल्यांनी कटाक्षाने संरक्षण घ्यावे. मध्यम वर्णाच्या लोकांनी लाभ आणि हानी यांचा तोल सांभाळावा. गडद वर्णाच्या लोकांना रोजच्या वावरात अशा संरक्षणाची सरसकट गरज नाही, उलट त्यांनी ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे. सिडनी, मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. शाळेचा टोपीचा नियम त्यांच्या मुलांनाही इतरांप्रमाणेच पाळावा लागतो आणि तो पाळण्यात नुकसान काहीच नाही. मात्र घरी उन्हाचा धसका घेऊन मुलांना कोंडून ठेवण्याचेही कारण नाही.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

महाराष्ट्रात मार्च ते मे या काळात निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. कर्करोगाचा धोका कमी असला तरी या किरणांचा त्रास तेवढ्यावर संपत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होण्याच्या अनेक कारणांपैकी ते एक आहे. त्वचा अकाली सुरकुतते, काळे डाग पडतात. शेतमजूर, बांधकाम कामगार, मासे वाळवणाऱ्या कोळिणी, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस यांना दुपार टाळण्याची मुभा नसते. डोक्यावरचा पदर, मुंडासे, गांधी टोपी किंवा इरले यांमागील शहाणपण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. अल्बिनिझम घेऊन जन्मलेल्यांच्या त्वचेत मेलॅनिन जवळजवळ नसते. त्यांच्यासाठी मात्र ऑस्ट्रेलियातील कडक नियमच योग्य.

आपल्याकडील त्वचेच्या कर्करोगाची कारणे अनेकदा उन्हाबाहेरची असतात, हेही लक्षात घ्यायला हवे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकारी संशोधकासह धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. वर्षानुवर्षे एकाच जागी घर्षण होऊन न भरणारी जखम होते आणि क्वचित तिचे रूपांतर स्क्वॅमस सेल कर्करोगात होते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे कमरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. रुंद पट्टीचा परकर, नाडी सैल बांधणे आणि तिची जागा बदलणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय.

मेलानोमाही सावळ्या त्वचेत निराळ्या जागी आढळतो. तळपाय, तळहात आणि नखांखालचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा आणि त्यांचा उन्हाशी संबंध नसतो. जगप्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलानोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे अनवाणी चालण्याने तळपायाला काही ना काही लागतच असते. त्यामुळे तेथील काळा डाग काट्याची खूण किंवा कुरूप समजून दुर्लक्षित राहण्याचा धोका अधिक.

म्हणजेच क्लार्कच्या संदेशाचे दोन भाग केले तर त्यातील ‘उन्हापासून जपा’ हा भाग आपल्याला आपल्या वर्णाप्रमाणे बेताने घ्यावा लागेल. ‘आपली त्वचा पाहत राहा’ हा दुसरा भाग मात्र जसाच्या तसा लागू आहे.

हे बदल दिसल्यास डॉक्टरांकडे जा

* तीळ किंवा डागाचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्या भागासारखा नसणे.
* डागाच्या कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट होणे.
* एकाच डागात काळा, तपकिरी, लालसर असे अनेक रंग दिसणे.
* आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणे.
* डागाचा आकार, रंग किंवा उंची बदलत जाणे, त्याला खाज सुटणे, त्यातून रक्त येणे.
* काही आठवडे उलटूनही न भरणारी जखम, विशेषतः कमरेवर किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर.
* तळपायावर नवा काळा डाग किंवा नखाखाली वाढत जाणारी काळी रेघ.

यांतील प्रत्येक खूण म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. परंतु ते निरुपद्रवी आहेत हे त्वचारोगतज्ज्ञाने ठरवावे, घरच्या घरी ठरवू नये. औषधाच्या दुकानातून मलम आणून महिनोन्‌महिने लावत राहणे तर टाळलेच पाहिजे.

टोपी आणि सावली

ऑस्ट्रेलियात चाळिशीच्या आतील लोकांत मेलानोमाचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत आले आहे. टोपी घालून मैदानावर गेलेली पिढी आता मोठी झाली, हे त्यामागील एक कारण तज्ज्ञ सांगतात. वयस्कर पिढीत मात्र आजार अजून डोके वर काढतोच, कारण त्यांचे बालपण त्या नियमाच्या आधीचे. क्लार्कच्या नाकावरील डागाला नेमके कोणते ऊन कारणीभूत ठरले, हे कुणालाच सांगता येणार नाही. शाळेच्या मैदानावर लावलेल्या झाडाचे श्रेयही असेच अदृश्य असते. त्या झाडामुळे कुणाला कोणता आजार झाला नाही, याची नोंद कोणत्याही रुग्णालयात होत नाही.

महाराष्ट्रातील शाळांना यातून घेण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कवायतीचा आणि खेळाचा तास भर दुपारी नको. क्रीडादिनाला मुलांना रांगेत ताटकळत ठेवायचे असेल तर ते मांडवाखाली. गणवेशात टोपीला जागा द्यावी आणि मैदानाच्या कडेने कडुनिंब, करंज, वड यांसारखी सावली देणारी झाडे लावावीत. विज्ञानाच्या तासाला मुलांनी एकदा सकाळी आणि एकदा दुपारी अंगणात उभे राहून आपापली सावली मोजली तरी उन्हाची निम्मी ओळख तिथेच होईल.